प्रेसची दोन बटणं
मशीनच्या तेलाचा वास आला की मला मारुंजीतला तो भाड्याचा फ्लॅट आठवतो. पक्क्या नोकऱ्या सोडून आम्ही चौघं तिथं मोबाइलवरचा गेम बनवत होतो. प्रेस मशीनवर पत्र्याचे पार्ट काढायचे, असा. दुसऱ्या दिवशी तो एका मोठ्या कंपनीला दाखवायचा होता, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर आमचं दुकानच बंद. त्या दुपारी चाकणच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट उरकून वडील युनिफॉर्मवरच आले, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. मी त्यांना गेम खेळायला दिला. अंगठ्यानं एकदा प्रेस मारून त्यांनी फोन परत केला. "एका हातानं प्रेस चालते होय गं? दुसरा हात आत गेला म्हणजे? दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणून तर माझी दहा बोटं शाबूत आहेत." रागच आला, पण आम्ही गेम बदलला. दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब खेळले, चुकले, हसले, पुन्हा खेळले. "दोन बटणांचं कुणाला सुचलं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांना. ते प्रेसवर काम करतात." गेम घेतला त्यांनी. आता आमच्याकडे नवा माणूस आला की मी त्याला आधी तोच गेम देते. एका अंगठ्यानं प्रेस हलेना म्हणून तो वैतागला, की मला ती दहा बोटं आठवतात आणि मान ताठ होते.