खाकी कव्हरातला केबिनमन

वह्यांच्या खाकी कागदाचा वास आला की मला नाशिकचं आमचं वाचनालय आठवतं. तिथे प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर असायचं. मी फक्त माहितीची पुस्तकं न्यायचो. कादंबरी म्हणजे नुसत्या थापा, असं माझं ठाम मत. नव्वदच्या दशकात एकदा ग्रंथपाल बाईंनी मला मनमाडला सिग्नलचे खटके ओढणाऱ्या एका रेल्वे केबिनमनवरचं, सुरुवातीची पानं गळालेलं पुस्तक दिलं. मी ते इतकं खरं मानलं की रेल्वेत असलेल्या मामांकडे मनमाडला जाऊन त्या माणसाची चौकशी केली. "असा कुणी नव्हताच रे इथे," मामा म्हणाले. मी तणतणत परतलो, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "कादंबरी आहे ती. आधी सांगितलं असतं तर नेली असतीत?" मी हळूच विचारलं, "अजून आहे अशी एखादी?" आजही मनमाड आलं की मी खिडकीतून त्याची केबिन शोधतो.