ताईसाठी लाल छत्री

जालन्याला लोक बियाण्यांसाठी जातात, लोखंडी सळयांसाठी जातात, मोसंबीसाठी जातात. मी पुण्याहून निघालो तो अळिंबीसाठी. औषधी अळिंबी, म्हणजे मशरूम. बायकोने रात्रीच्या गाडीसाठी डबा हातात देताना विचारलं, "नक्की काय आणायचंय, ते तरी ठरलंय का?" ठरलं नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की संभाजीनगरला राहणाऱ्या माझ्या ताईची किडनी बदलली आहे आणि तिला ताकद यायला हवी. किडनी दाजींनी दिली. मी द्यायला तयार होतो, पण तपासणीत मलाच साखर निघाली आणि डॉक्टरांनी मला पहिल्याच फेरीत बाद केलं. तेव्हापासून ताईसाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं, हे डोक्यात बसलं होतं. मोबाइलवर अळिंबीचे गुण वाचले, ती जालन्याच्या बाजारात मिळते असंही वाचलं आणि वाटलं, हेच ते.

जुन्या जालन्यात रिक्षावाल्याने मला धान्याच्या गल्लीत सोडलं. हमालांचे धक्के खात, कापडाच्या गठ्ठ्यांवरून उड्या मारत मी काष्ठौषधींच्या एका दुकानात पोचलो. मालक सलीमभाई गल्ल्यावर बसले होते. मी अळिंबीचं नाव काढताच म्हणाले, "घुटने, दमा, नींद, सब पे चालते साहेब."

"दम्यावर न्हाई हो, ते कॅन्सरवर असतंय," शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक मध्येच बोललं.

"शुगरवर बी हाय," सलीमभाई म्हणाले.

"शुगरवर बिलकुल न्हाई!"

दोघांची अशी जुंपली की मी कुणाकडे बघून मान हलवावी तेच कळेना. शेवटी सलीमभाईंनी आवाज खाली आणला. "माझ्याकडची सुकी कधीची हाय, मला बी बराबर सांगता यायचं न्हाई. ताजी पाहिजे तर पिंपळगाव रेणुकाईला जा. कैलास म्हणून एक जण शेडात लावतो."

भोकरदनपर्यंत एसटी मिळाली. पुढे काळीपिवळी (माणसं मावेनाशी झाली की मगच सुटणारी जीप). पोळा नुकताच होऊन गेला होता. रस्त्यावर रंगवलेल्या शिंगांचे बैल दिसत होते, दोन्ही बाजूंना कपाशी आणि डोक्याच्या वर गेलेला मका. मांडीवर मिरचीचं पोतं घेतलेल्या आजोबांना मी कशासाठी चाललोय ते सांगितलं. ते माझ्याकडे काळजीने बघत राहिले. "कुत्र्याची छत्री खाया पुण्याहून आल्ता? आमची गुरं बी तोंड लावत न्हाईत तिला."

परका माणूस म्हणजे देवीलाच आलेला, असं धरून ड्रायव्हरने मला न विचारता रेणुकेच्या देवळापाशी उतरवून दिलं. बरंच झालं. दर्शन घेतलं, ताईचं नाव घेतलं आणि विचारत विचारत कैलासच्या शेतावर गेलो.

शेडमध्ये अंधार, ओल आणि दमट भुशाचा वास. एका बाजूला पांढरी ढिंगरी (भाजीची अळिंबी) पिशव्यांतून फुटलेली. दुसऱ्या बाजूला ती होती, जिच्यासाठी मी एवढी वणवण केली. लालबुंद, कडक, पॉलिश केलेल्या पाटासारखी चकचकीत.

"आमी लाल छत्री म्हणतो हिला," कैलास म्हणाला. तिशीतला, सडपातळ, सारखा हात पुसत बोलणारा. "दोन सालापासून लावून राह्यलो. ट्रेनिंगला गेल्तो ना, तिथं सांगितलं. झोप, बीपी, सांधे. मेन म्हंजे प्रतिकारशक्ती वाढती."

"खात्रीने?"

"दादा, खात्री तर मी माझ्या कपाशीची बी देत न्हाई."

जेवायला थांबावंच लागलं. त्याच्या बायकोने, संगीताने, अंगणात तीन दगड मांडून त्यावर ढिंगरीची भाजी टाकली. घरात गॅस असून हे बाहेर कशाला, असं मी विचारलं.

"आत्याबाई माळकरी हाईत," ती हळूच म्हणाली. "त्या हिला मटणातच धरत्यात. भांडं बी वेगळं ठेवलंय."

आतून म्हातारीचा आवाज आला, "पान न्हाई, फूल न्हाई, बी न्हाई. मंग झाड कसं म्हणावं?"

"पण आई, रक्त तरी कुठंय त्यात?" कैलास ओरडला. हे भांडण रोजचं असावं. भाजी मात्र झणझणीत होती. बाजरीच्या भाकरीबरोबर मी दोनदा घेतली. आपण आज शाकाहारी जेवलो की मांसाहारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कैलासने लाल छत्रीच्या पावडरीची पुडी बांधून हातात दिली. पावडर फार कडू लागते म्हणाला. ताई कडू घेईल का, हे विचारायला मी तिथूनच फोन लावला आणि प्रतिकारशक्तीचं सगळं पुराण ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विनू, मी सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते त्या कशाच्या, माहितीय तुला?"

"किडनीच्या."

"माझी प्रतिकारशक्ती दाबून ठेवायच्या. ती वाढली तर माझं शरीर ह्यांची किडनी परकी म्हणून हाकलून देईल. जन्मभर घ्यायच्यात मला त्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी साधा काढासुद्धा पीत नाही."

एवढ्या वेळा तिच्याकडे गेलो, त्या गोळ्या समोर दिसायच्या, आणि मी तिच्यासाठी नेमकं काय घेऊन निघालो होतो! मी कैलासला सांगितलं. त्याने पुडी माझ्या हातातून काढून घेतली.

"मंग न्हाई देत म्या," तो म्हणाला. मग संगीताला विचारलं, "मागं ज्यानला ज्यानला दिली, त्यांना कुठल्या गोळ्या चालू हाईत ते आपण कधी इचारलंच न्हाई, न्हाई का?" मला निरोप देतानाही त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

परतीच्या एसटीत मी तेच ते घोळवत बसलो. सलीमभाई खरे, ते गिऱ्हाईक खरं, की मोबाइल खरा? लाल छत्रीत गुण असतीलही. कुणाला तरी ती लागूही पडत असेल. पण मला आता कुणी विचारलं तर मी काय सांगणार?

संभाजीनगरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दाजींनी दार उघडलं. ताई तोंडाला मास्क लावून खिडकीपाशी बसली होती.

"काहीच आणलं नाही गं," मी म्हणालो आणि मला रडूच कोसळलं.

"बरं केलंस." तिने हाताने शेजारची खुर्ची ओढली. "जो येतो तो मला बरं करायला येतो रे. पावडरी आणतात, रस आणतात, मी घेतलं नाही की रागावून जातात. नुसतं भेटायला कुणी येतच नाही."

मी हात धुऊन आलो आणि तिच्याजवळ बसलो.