वजन उतरेपर्यंत

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्याशी किडनीबद्दल बोलण्याआधी मला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "गुरुजी, रक्तगट जुळतो. बाकीचंही बहुतेक जुळेल. तुमचं पोट तेवढं आड येतंय."

मी तेव्हा अठ्ठ्याण्णव किलोचा होतो. उंची बेताची. साखर मधुमेहात गेली नव्हती, पण उंबरठ्यावर येऊन बसली होती. निदान बारा-चौदा किलो उतरवा, साखर मागे ढकला, मग पुढच्या तपासण्या करू, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "आणि फार वेळ लावू नका."

किडनी माझ्या थोरल्या बहिणीसाठी हवी होती. तिला आम्ही बाई म्हणतो. ती वरोऱ्याला राहते आणि आठवड्यातून दोनदा चंद्रपूरला जाऊन डायलिसिस करून घेते. भाटवे, म्हणजे तिचे यजमान, स्वतःच जुने मधुमेही. त्यांचं नाव पहिल्याच तपासणीत बाद झालं. त्यांना एकच मुलगी. तिचं नाव कुणी काढलं की बाई उठून आत निघून जाते. "तिचं लग्न व्हाचं आहे, तिले हात लावाचा नाई," एवढंच बोलते. उरलो मी. मी डी.एड. केलं तेव्हा दोन वर्षं बाईच्याच घरी राहिलो होतो, तिच्याच हातचं जेवलो होतो. त्यामुळे मी देतो म्हणालो तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

मी एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळा दोन शिक्षकी, आणि दुसरे गुरुजी बहुतेक कुठल्या ना कुठल्या कामावर पाठवलेले असतात. घर तालुक्याच्या गावी. सकाळी मोटारसायकलनं निघायचं, लोहखनिजाच्या ट्रकांमागून धूळ खात जायचं, चार वर्गांना एकाच खोलीत शिकवायचं, मग मोबाइलला रेंज मिळते त्या टेकाडावर चढून त्या दिवशीची माहिती भरायची. संध्याकाळी परत येईपर्यंत मी इतका रिकामा झालेला असायचो की समोर येईल ते भरून घ्यायचो. असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मी सकाळपासूनच भरत असायचो. वाटेवरच्या टपरीवर तर्री पोहे. पोह्यांनंतर आलूबोंडा, कारण पुढे जंगलात काही मिळत नाही म्हणून. बायकोनं दिलेल्या डब्यात दोन भाकरी आणि काकडी. आणि डब्यानंतर खिचडी.

या खिचडीबद्दल मी घरी कधी बोललो नाही. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, असा नियम आहे. नियमात एक चमचा बसतो. माझ्या चवीला ताट लागायचं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी गावातल्याच, तोंडानं फटकळ. त्या एकदा चुलीजवळूनच म्हणाल्या, "गुरुजी, समजली का चव, का अजून डाव टाकू?" मुलं खो खो हसली. मीही हसलो आणि ताट पुढे केलं. समोर ओळीत बसलेल्या मुलांचे दंड माझ्या मनगटाएवढे होते. त्यांच्या अंगाला लागावं म्हणून आलेलं अन्न माझ्या अंगाला लागत होतं, आणि मी रोज दुपारी त्यांना चौरस आहाराचा धडा शिकवत होतो.

नागपूरहून मिळालेला आहाराचा कागद बायकोनं फ्रिजला चिकटवला. त्यावर ओट्स होते, ब्रोकोली होती, रात्रीचं सूप होतं. आमच्या आठवडी बाजारात त्यातलं काही मिळत नाही. बायकोनं त्याला जमेल तसं रूप दिलं: ओट्सऐवजी आंबील, ब्रोकोलीऐवजी बाजारात येईल ती रानभाजी, रात्री भाताऐवजी वरणाचं पाणी आणि ज्वारीची अर्धी भाकरी. मी पहाटे रस्त्यानं चालू लागलो. खिचडीचा एक चमचा घेऊन वर्गात जाऊन बसू लागलो. पावसाळा संपेपर्यंत सहा किलो उतरले. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. माझ्या दोन्ही मुली मला बोटांनी टोचून बघायच्या. त्या दिवसांत मी बाईला रोज फोन करून सांगायचो, आज इतकं चाललो, आज हे खाल्लं नाही.

"बरं," ती म्हणायची. "शनवारी येतो ना?"

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी वरोऱ्याला जायचो. आलापल्ली, गोंडपिपरी, चंद्रपूर, मग वरोरा. पोचेपर्यंत अंधार पडायचा. बाईचं जेवण तोवर झालेलं असायचं. तिच्या जेवणाला जेवण म्हणवत नाही. भाजी चिरून गरम पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा शिजवायची, मीठ नावापुरतं. पाणी दिवसभरात मोजून. तहान लागली की ती बर्फाचा बारीक खडा तोंडात धरून बसते. आणि माझ्यासाठी मात्र वडाभात असायचा. लाखोळीच्या डाळीचे वडे, वर गरम फोडणीचं तेल. नाही तर पाटवडीचा रस्सा. ती माझ्यासमोर पाटावर बसायची, सुजलेले पाय लांब करून, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

"खा. तुले खातांनी पाह्यलं का माह्या तोंडाले चव येते."

हे ऐकल्यावर कुणी काय म्हणावं? मी खायचो. मी मनाशी ठरवून यायचो की दोनच वडे. दोनाचे सहा व्हायचे. निघताना ती चिवड्याचा आणि करंज्यांचा डबा पिशवीत घालायची, मुलींसाठी म्हणून. गोंडपिपरी यायच्या आत तो डबा रिकामा झालेला असायचा. घरी गेल्यावर मी तो धुऊन ठेवायचो. मुलींना डबा आला होता हेच कळत नव्हतं.

हिवाळ्यात पुन्हा नागपूरला गेलो. सहापैकी चार किलो परत आले होते. साखर पूर्वीपेक्षा वर गेली होती. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "साखर अशीच चढत गेली तर वजन उतरवूनही उपयोग नाही. मग तुम्ही द्यायचं म्हटलं तरी मी घेणार नाही." बाहेर बाकावर भाटवे माझी वाट बघत होते. ते मुद्दाम वरोऱ्याहून आले होते.

"काय म्हनते डॉक्टर?"

"उतरून राह्यलं म्हनते. थोडं राह्यलं."

ते माझ्या पाठीवर थाप मारून हसले. त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी संत्री होती. बसमध्ये ते सोलून सोलून देत होते आणि मी घेत होतो. वरोरा येईपर्यंत मी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही.

घरी बाईनं वडे करून ठेवले होते. आदल्या आठवड्यात तिला श्वास लागला होता, छातीत पाणी झालं म्हणून दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तरी चुलीपुढे उभी राहून वडे केले होते. भाटवे हातपाय धुवायला मागे गेले. तिनं ताट मांडलं. मी बसलो नाही.

"काऊन? माह्या हातचं आज कडू झालं का?"

"बाई, नको वाढू. मी भाटव्यांले खोटं सांगतलं. माझं वजन पुन्हा वाढलं. चार किलो."

तिनं मान हलवली, बाजारातला भाव ऐकावा तशी. "वाढनारच. मी घालूनच राह्यली त."

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? मास्तर आहे ना तू? दर शनवारी मी तुले काऊन बलावते? लाड कराले? तू बारीक झाला का तुले कापतीन. मले नाई कापू द्याचं."

मला आधी ऐकू आल्यासारखंच वाटलं नाही. मग माझा तोल गेला. मी ओरडलो. मी पहाटे ट्रकांची धूळ खात चालतो, भाताकडे वळून पाहत नाही, माझी बायको माझ्यासाठी दोन स्वयंपाक करते, आणि तू इथे बसून माझी मेहनत मातीत घालतेस, असं बरंच काही बोललो.

"भाताकडे पाह्यत नाई?" बाई म्हणाली. "बाप्पा! मांगच्या शनवारी वडाभात कोनं खाल्ला मंग? मांजरीनं?"

मागच्या दारातून भाटवे टॉवेल घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते तिथेच थांबले.

बाईचा आवाज खाली आला. "मी एक डाव वाढते, बाबू. दुसऱ्या डावाले ताट तू पुढं करतो. तुले भेव वाटून राह्यलं. तुह्या तोंडानं नाई म्हनवत नाई, म्हनून तू खाऊन राह्यला. मले काय समजत नाई? मी म्हटलं, त्याच्या तोंडून नाई कायले वदवाव? डॉक्टरच म्हनन नाई. तुह्यावर बोल नाई अन् माह्यावरबी नाई."

मी खाली बसलो. ते खरं होतं. ऑपरेशन कसं करतात ते मी मोबाइलवर पाहिलं होतं आणि पाहून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या गुळाचा खडा खाल्ला होता, मग दुसरा. नागपूरहून निघालो की दर वेळी मला बसस्टँडवर भूक लागायची. ती भूक नव्हती. ताट समोर आलं की अजून थोडे दिवस मिळाले, असं वाटायचं. माझ्या दोन मुली लहान आहेत, मला काही झालं तर, हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. द्यायला तयार असलेला भाऊ म्हणून सगळ्या नात्यात माझं नाव झालं होतं. ते नाव मला सोडवत नव्हतं आणि किडनीही देववत नव्हती. मग मी खात होतो. ती समोर बसून पाहत होती, आणि जे मी स्वतःला कळू दिलं नाही ते तिला कळत होतं. तिनं माझी लाज राखण्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावला होता, आणि मी वर तिच्यावर ओरडलो होतो.

"हाव," मी म्हणालो. "भेव वाटते."

"वाटनारच. मले त अजून सुईचं वाटते."

भाटवे पुढे येऊन म्हणाले, "आता ते वडे त आना इकडे, थंडे होऊन राह्यले."

"तुमाले कोन देते? तुमची साखर डोक्यावर अन् म्हने वडे आना!" तिनं ताट उचलून शेजारी पाठवून दिलं. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बिनमिठाची भाजी खाल्ली.

भीती बोलून टाकली की जाते, असं ऐकलं होतं. माझी गेली नाही. फक्त आता तिला लपायला भूक उरली नाही. पूर्वी मी खाल्लं की म्हणायचो, काय करणार, भूक लागली. आता पोह्यांची प्लेट हातात घेतली की मला ठाऊक असतं, मी बाईला नाही म्हणतो आहे. एवढं ठाऊक असूनही मी खाल्लं आहे. गडचिरोलीला प्रशिक्षण होतं, दुपारी पुऱ्या आणि श्रीखंड होतं. मी दोनदा रांगेत उभा राहिलो. नंतर गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर बसून रडलो. माझ्या वयाचा माणूस, हातात प्रशिक्षणाची पिशवी. एक शिक्षक ओळखीचे निघाले, विचारू लागले, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, अ‍ॅसिडिटी झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला गेलो. त्यात काही निश्चय नव्हता. घरी बसवत नव्हतं, एवढंच. बायकोला सगळं सांगितलं. खिचडीचं, डब्याचं, भीतीचंही. ती म्हणाली, "भीती मलाही वाटते. मला कुणी विचारलंच नाही." त्यानंतर ती पहाटे माझ्याबरोबर चालू लागली. आम्ही फारसं बोलत नाही. ट्रक आला की ती तोंडाला पदर लावते आणि मी रस्त्याच्या बाजूला होतो.

वजन उतरतं आहे, पण हळू. साखर थोडी मागे सरकली आहे. बाई मात्र माझ्यापेक्षा वेगानं उतरते आहे. पूर्वी ज्या बाहीत मावत नव्हता त्या बाहीतही तिचा दंड आता सैल दिसतो, आणि चेहरा सकाळी सुजलेला असतो. डायलिसिसनंतर तिला घरापर्यंत चालवत नाही, भाटवे ऑटो करतात. तिनं अजून ऑपरेशनच्या एकाही कागदावर सही केलेली नाही. तिची सही नसेल तर माझं वजन उतरून काही उपयोग नाही.

गेल्या शनिवारी गेलो तेव्हा तिनं चूल पेटवली नव्हती. ती दारात खुर्ची टाकून बसली होती. मी तिच्या पायाशी पायरीवर बसलो आणि विचारलं, "बाई, तू सही करशील ना?"

तिनं मला वरून खाली पाहिलं. पोटावर नजर जरा जास्त थांबली.

"पह्यले तू बारीक त हो," ती म्हणाली. "मंग पाहू."

हा होकार होता की पुन्हा दिवस ढकलणं होतं, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी ते होकारासारखं धरून परत आलो. अजून पाच किलो बाकी आहेत. तिच्याकडे किती वेळ बाकी आहे, ते डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्हीही त्यांना विचारत नाही.