बाईंचं दुखणं

बाई कधी ‘माझं डोकं दुखतंय’ असं म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, ‘‘डोकं दुखतंय. मी बरी आहे.’’ साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात त्या तत्त्वज्ञान शिकवायच्या. एकदा जिन्यावरून पडून त्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्याच दिवशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून त्या वर्गावर आल्या आणि डाव्या हातानं फळ्यावर वेडेवाकडे शब्द लिहिले : शरीर, मन, आत्मा. यातलं मोडलंय काय, असं त्यांनी विचारलं. शरीर, आम्ही म्हणालो. मग तास घ्यायला काहीच हरकत नाही, असं म्हणून त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

शरीर हा गडी आहे, असं त्या सांगत. त्याला दोन वेळचं खायला घालावं, काम सांगावं. पण त्याच्या तक्रारी ऐकत बसू नये. मनाला त्या हट्टी पोर म्हणत. आणि आत्मा? त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. पुस्तक मिटून त्या खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे बघत राहायच्या.

मला मात्र बाईंच्या त्या शिकवण्यानं अक्षरशः उभं केलं. मी माण तालुक्यातल्या मेंढपाळाची मुलगी. लहानपणी चुलीवरचं उकळतं पाणी अंगावर सांडलं, तेव्हापासून माझा डावा गाल भाजलेला आहे. होस्टेलमध्ये मी पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. बाईंनी मला वर्गात निबंध वाचायला बोलावलं. मी उठेना, तेव्हा त्या माझ्या बाकाजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘लोक बघतात तो गाल. तू म्हणजे गाल नव्हेस.’’ मी उठले. पुढं नोकरीला लागले, सांगलीच्या कॉलेजात मुलांसमोर उभी राहिले, ते त्या एका वाक्याच्या जोरावर.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण, अक्का, नवरा वारल्यावर खंडाळा तालुक्यातल्या गावाहून त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. अक्कांना तत्त्वज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं. बाईंचं ताट तसंच राहिलं की त्या म्हणायच्या, ‘‘खा गं चार घास. तुजा आत्मा काय भाकरी खात न्हाई, पर तू खातीस न्हवं?’’ बाई हसायच्या आणि भाकरी तशीच ठेवून वाचायला बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी अक्कांचा फोन आला. बाईंना मिरजेला दवाखान्यात आणलं होतं. छातीत गाठ होती. ती हाताला लागून वर्ष उलटून गेलं होतं, तरी बाईंनी बहिणीलाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी उशीर का केला म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या होत्या, लक्ष दिलं नाही.

सांगलीहून मिरज जवळच. कॉलेज सुटलं की मी रोज जायचे. पहिले काही दिवस बाई जुन्याच तोऱ्यात होत्या. मग उपचार सुरू झाले, केस गेले, अन्न तोंडात ठरेना. एका दुपारी मी पाय चेपत होते आणि त्या एकदम गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, ‘‘लय दुकतंय गं मला.’’ इतक्या वर्षांत ती बोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मी चेपत राहिले.

जरा वेळानं त्या पुन्हा नेहमीच्या भाषेत बोलू लागल्या. ‘‘बिचारं शरीर वर्षभर सांगत होतं. मला ऐकू येत होतं, बरं का. पण गड्याचं काय ऐकायचं, असं वाटायचं.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘मी तुम्हा मुलींना चुकीचं शिकवलं का गं?’’

मी म्हटलं, ‘‘बाई, मी त्याच्यावरच तर जगलेय.’’

‘‘तुझ्यापुरतं बरोबर असेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तू आजारी पडलीस तर लगेच दवाखान्यात जा. माझं काही आठवत बसू नकोस.’’

दिवाळीच्या आधी बाई गेल्या.

दहावं झाल्यावर मी साताऱ्याला गेले. भेटायला आलेले बाईंचे एक सहकारी अक्कांना समजावत होते : देह जातो, आत्मा जात नाही, बाई स्वतःच हे शिकवायच्या. अक्का मान डोलवत ऐकत होत्या. ते गेल्यावर त्यांनी बाईंच्या पलंगावरची चादर ओढून सारखी केली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, ‘‘आसंल बाई. आत्मा आसंल कुटंतरी. पर मी कुनाच्या पाठीवरनं हात फिरवू?’’