रवांडा माझा, बुरुंडी तिचा

माझी जन्मतारीख एक जुलै १९६२. ती आईने नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवली. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की ते डोळे झाकून एक जुलै लिहीत. आमच्या जळगाव जामोदला माझ्या वयाची निम्मी माणसं अशी एकाच दिवशी जन्मलेली आहेत. बायकोच्या दाखल्यावरही एक जुलैच.

तिला पेपरातला दिनविशेष वाचायचा भारी नाद. त्यात तिला सापडलं, की माझ्याच तारखेला, माझ्याच साली, आफ्रिकेत रवांडा आणि बुरुंडी स्वतंत्र झाले. आधी दोघं बेल्जियमच्या हाताखाली एकत्र होते, त्या दिवशी वेगळे झाले. दोन वर्षं आधी, एक जुलैलाच, सोमालिया स्वतंत्र झाला होता आणि घाना प्रजासत्ताक. एवढी मोठी मंडळी आपल्या दिवसाला आहेत म्हणून ती खूश. मग रवांडा माझा, बुरुंडी तिचा, अशी वाटणी झाली. दर एक जुलैला शिरा व्हायचा आणि ती विचारायची, तुमचा देश काय म्हणते? मी काहीतरी ठोकून द्यायचो.

या उन्हाळ्यात ती गेली. यंदा एक जुलैला सकाळीच बँकेच्या शुभेच्छा आल्या. शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तर सगळ्यांचाच वाढदिवस, केकच्या चित्रांचा नुसता पाऊस. मी शिरा करायला गेलो, तो खाली लागला. मग पेपर चाळत रवांडाचं काही आलंय का पाहिलं. आलं असतं तरी सांगायला कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं, आणि तिचा रागही आला.

दुपारी मुलीचा फोन आला. शुभेच्छा देऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमचा खरा वाढदिवस कधी असते? आई थंडीत करे तो. यंदा त्या दिवशी मी येते."

माझी खरी तिथी आईने जाण्याआधी फक्त सुनेला सांगितली होती. तुरीच्या शेंगा भरल्या की एखाद्या संध्याकाळी बायको मला पाटावर बसवून ओवाळायची. तारीख दरवर्षी वेगळी. एकदा मी विचारलंही होतं, तर म्हणाली, "तुमाले काऊन पायजे तिथी? मी आहो ना ध्यानात ठेवाले."

मुलगी उत्तराची वाट पाहत होती.

"मले नाई माहीत," मी म्हणालो. "तू थंडीत कवाबी ये."