डोळे मिटलेली ओळ

तुमच्या शाळेच्या नृत्यनाटिकेत असुर कुणाची मुलं व्हायची, हे कधी विचारलंय का कुणाला?

आमच्या गावच्या शाळेत ‘समुद्रमंथन’ व्हायचं. बसवणाऱ्या बाई शास्त्रीय नृत्य शिकलेल्या. वरच्या आळीतल्या मुली देव, मिठागरावरच्या असुर. माझी आई दरवर्षी असुर. बाई वारल्या, नाच बंद पडला. यंदा गावाने तो पुन्हा उभा करायचं ठरवलं, तेव्हा पावलं आठवणारी एकटी आईच निघाली.

वाचायला येण्याआधी मी वडिलांच्या चळवळीची पत्रकं घडी करायला शिकले होते. म्हणून मी पत्रकच काढलं: हा नाच जसाच्या तसा नको. आईने ते वाचलं, घडी केली आणि डगमगत्या स्टुलाच्या पायाखाली सरकवलं.

“ब्येस लिवलंस. आता दोरी धर.”

देवळाच्या मंडपात तालीम. वासुकी म्हणून होडीचा जाड दोर. देवांची पावलंही आईच शिकवायची, पण ती सगळी डाव्या पायाने सुरू व्हायची.

“काकू, देव डावरे होते?” एका मुलीने विचारलं.

“समोरनं बगितलं गो मी त्यांना. उलटंच शिकले.”

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, रागही नाही.

मग अमृत निघालं. मुली थांबल्या. आईही.

“म्होरचं मना नाय येत. मोहिनी वाटायला आली का आमी डोलं मिटून बसायचं. बाईंनी सांगितलेलं.”

“एकदाही उघडले नाहीस?”

“नाय बगायचं म्हनलं तं नाय बगितलं. घुंगरू आयकायचे. लांबनं यायचे, थांबायचे. आमच्यापतूर नाय यायचे.”

मोहिनी व्हायची ती मुलगी आता हयात नाही. देव झालेल्यांपैकी एकीचं नागावला होमस्टे आहे. मी फोन केला. “अगं, नाच कुठला आठवायला! अमृत म्हणून लिंबाचं सरबत मिळायचं, तेवढं आठवतं.”

मी आईला सांगितलं.

“खरंच सरबत होतं?” तिने विचारलं आणि दोर गुंडाळायला घेतला. मी दुसरं टोक धरलं. नवीन पत्रक सुचेना.

नाच तिथेच अडलाय. रविवारी सकाळी आम्ही मंडपात असतो. तुमच्या घरात कुणी त्या देवांच्या ओळीत बसलेलं असेल, तर त्यांना घेऊन या. मोहिनीची चार पावलं आठवली तरी पुरे. ती आईसमोर करून दाखवा. ती डोळे उघडे ठेवील.