दारातली लाल वेल

माझी वहिनी पेरिना पहिल्यापासूनच घाबरट. लग्न होऊन समोरच्या किनाऱ्यावरून आमच्या बेटावर आली ती होडीत डोळे मिटून, अंद्रोदादाच्या कोटाची बाही घट्ट धरून. धक्क्यावर उतरली तरी बाही सोडेना. विजेला घाबरायची, दादाच्या आवाजाला घाबरायची, बसच्या हॉर्नलासुद्धा दचकायची. मी शेजारीच राहणारी नणंद, मी तिला चिडवायची एक संधी सोडली नाही.

पण तिची एक भीती खरी होती. दादानं एकदा मळ्यात सगळ्यांदेखत मुलाला, लोव्रेला, म्हटलं, "चुकलास, गाढवा!" पोरगा त्याच दिवशी होडीत बसला, जर्मनीला गेला, आणि परत आला तो थेट बापाच्या मातीला. मग मात्र राहिला. घरच्या पांढऱ्या वाइनवर आमच्या घराण्याच्या नावाची चिठ्ठी लावून गावोगाव फिरू लागला. तो पुन्हा निघून जाईल या धाकानं वहिनी त्याच्या शब्दाला कधी 'पण' जोडायची नाही.

आमच्या या पांढऱ्या द्राक्षाला, ग्रकला, एकट्यानं फळ धरत नाही. शेजारी लाल द्राक्ष फुलावं लागतं, वाऱ्यानं त्याचे परागकण यावे लागतात, नाहीतर फूल गळून जातं. म्हणून मळ्यात अधूनमधून लाल ओळी असायच्या. कंबरेचं हाड मोडून वहिनी इस्पितळात पडली होती, तेव्हा लोव्रेनं त्या सगळ्या उपटल्या आणि तिथं ग्रकच लावलं. मी हटकलं, तर म्हणाला,

"अगं आत्या, शेजारच्या कुझ्माच्या मळ्यात लाल आहे की! वारा काय बांधावर पासपोर्ट दाखवतो?"

वहिनी घरी आली तेव्हा लोव्रे बाटल्या घेऊन राजधानीत, झाग्रेबला, वाइनच्या जत्रेला गेला होता आणि मळा फुलायला लागला होता. ती काठी टेकत बांधापर्यंत गेली नि पांढरीफटक पडली. पलीकडेही लाल वेल औषधाला नव्हती.

"कुझ्मा, तुझी लाल कुठंय?"

"काढली थंडीत. तुमची होती ना अलीकडे!"

"मेल्या, आमचं पोरगं तुझ्या भरवशावर बसलंय!" मी ओरडले.

"आणि मी तुमच्या!" म्हणत कुझ्मा डोकं धरून मटकन खाली बसला.

वहिनी काठी दगडावर टेकून माझ्याकडे वळली. "फळ नाही धरलं तर अख्खं गाव त्याला चुकलास म्हणेल, फानी. मग तो जाईल."

"गावातून लाल फुलोरा मागून आणते."

"म्हणजे आजच बोभाटा!"

उरली दारातली वेल. दादानं लग्नाच्या वर्षी लावलेली, लाल. तिच्याच सावलीत वहिनी भाजी निवडत बसायची. मी शिडीवर चढले, वहिनीनं शिडी धरली. फुलोऱ्याची एकेक डहाळी कापून काढली. आमच्याच वाइनच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरलं, त्यात डहाळ्या ठेवल्या आणि मळ्यातल्या वाळूत ओळीनं बाटल्या रोवल्या.

आणि दक्षिणेचा वारा सुटला. आकाश काळवंडलं. पाऊस आला तर सगळंच धुऊन जाणार होतं. वीज चमकली की पलंगाखाली शिरणारी ही बाई लंगडत ओळींतून फिरत होती, डहाळी फुलांवर झटकत होती, प्रार्थना पुटपुटत होती. दूर गडगडलं, तेव्हा ती रडायला लागली, पण हात थांबला नाही. मी दुसरी डहाळी घेतली. तिकडून कुझ्माही हात पसरून उभा होता, त्यालाही दोन दिल्या. पाऊस संध्याकाळी आला, तोवर डहाळ्या सुकल्या होत्या.

घड विरळ आले, पण आले. त्यानंतरही तोडणीपर्यंत वहिनी रोज सकाळी मळ्यात जाऊन दाणे चाचपायची.

तोडणी झाली त्या दिवशी लोव्रे अंगणात उभा राहून हसत होता. "बघितलंस, आई? कुझ्मानंही लाल काढली, तरी द्राक्षं आलीच! म्हाताऱ्यांच्या नुसत्या समजुती. आता उरलेली लालही काढतो, ही दारातली. यंदा एक घड नाही दिला हिनं. गाडीला जागा होईल."

तो करवत घेऊनच आला. वहिनी उठली आणि वेलीच्या खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"लोव्रे," ती म्हणाली, "चुकलास तू."

बाटल्यांचं, डहाळ्यांचं सगळं मीच सांगितलं. लोव्रेचा चेहरा लालबुंद झाला. करवत टाकून तो घरात गेला. दादाच्या वेळीही तो असाच आत गेला होता, बॅग भरायला. वहिनीनं माझी बाही धरली.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दादाची छाटणीची कात्री होती. वेलीकडे वर बघत त्यानं विचारलं, "आई, थंडीत हिच्या काड्या मळ्यात लावायच्या म्हटल्या, तर किती लागतील?"

उत्तर मलाच द्यावं लागलं. वहिनी अजून माझी बाही सोडत नव्हती.